नियमपुस्तिकेमागचा संपादक

घरात नवा बोर्डगेम येतो. खोका उघडला जातो, सोंगट्या वाटल्या जातात, पट अंथरला जातो आणि कोणीतरी नियमपुस्तिका हाती घेतो. पुढची पंधरा मिनिटे मोठी नाजूक असतात. एखादे वाक्य दोघांनी दोन प्रकारे वाचले, तर डावाआधीच वाद रंगतो आणि खोका माळ्यावर जातो. शंकेचे उत्तर द्यायला खेळाचा निर्माता तेथे हजर नसतो. त्याच्या वतीने बोलते ती केवळ पुस्तिका. आणि तिला नेमके बोलायला शिकवतो तो संपादक.

हे काम शुद्धलेखनाच्या दुरुस्तीपुरते मर्यादित नाही. ललित लेखनात शब्दांची पुनरुक्ती दोष मानली जाते. येथे तोच गुण ठरतो. एका पानावर 'नाणे' आणि दुसऱ्या पानावर 'मोहोर' असे लिहिले, की वाचक दोन वेगळ्या वस्तू शोधू लागतो.

एका शब्दाने किती घोटाळा होऊ शकतो, याचे उदाहरण रिचर्ड गारफिल्ड यांच्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या १९९३ मधील पत्त्यांच्या खेळात सापडते. चाचणीच्या काळातील एका पत्त्यावर प्रतिस्पर्धी पुढची खेळी 'लूज' करतो, असे लिहिले होते. अभिप्रेत होते ते खेळी गमावणे. परंतु इंग्रजीत त्याच क्रियापदाचा अर्थ 'हरणे' असाही होतो. पुढच्या खेळीत प्रतिस्पर्धी हरणारच, असा अर्थ एका खेळाडूने लावला. छापील पत्त्यावर मग 'या खेळीनंतर आणखी एक खेळी घ्या' अशा आशयाचा मजकूर आला. परिणाम तोच, पण वादाला जागा उरली नाही. आज या खेळाची सविस्तर नियमावली २५० हून अधिक पानांची आहे.

संगणकाने हे काम सोपे केले, तसे धोकेही वाढवले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी १९९० च्या दशकात निघालेल्या 'एनसायक्लोपीडिया मॅजिका' या ग्रंथमालेत 'मेज' हा शब्द सरसकट बदलून 'विझर्ड' करण्यात आला. त्या फेऱ्यात 'डॅमेज'मधील 'मेज'ही सापडला आणि छापील पानांवर 'डॅविझर्ड' हा अर्थहीन शब्द अवतरला. १९७४ मध्ये जन्मलेल्या याच खेळाच्या मुख्य नियमग्रंथांची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात आली. तीत पात्रांच्या वर्णनातील 'रेस' या शब्दाची जागा 'स्पीशीज'ने घेतली. 'ग्रेस' आणि 'ट्रेस' या शब्दांतही तीच इंग्रजी अक्षरे दडलेली आहेत, हे लक्षात घेतले, की असा बदल डोळ्यांखालून का घालावा लागतो ते कळते.

माहिती कोणत्या क्रमाने द्यायची, हाही संपादनाचाच भाग होय. क्लाउस टॉयबर यांच्या 'कॅटन' या १९९५ च्या खेळात नियमांसोबत वर्णानुक्रमे लावलेला एक संदर्भकोश दिला जातो. पहिला वाचायचा तो खेळ सुरू करण्यासाठी, दुसरा उघडायचा तो अडल्यावर. जर्मनीत १९७९ पासून दिल्या जाणाऱ्या 'श्पील देस यारेस' पुरस्काराच्या निकषांत नियमांची सुबोधताही मोजली जाते, ती उगीच नव्हे.

पुस्तिका तयार झाली, की खरी परीक्षा होते. खेळाशी अपरिचित मंडळींच्या हाती खोका द्यायचा आणि मदतीचा एक शब्दही न बोलता पाहत राहायचे. ते कुठे अडतात, कोणते पान पुन्हा उलटतात, याची टिपणे काढायची. चूक करणारा खेळाडू अशा वेळी दोषी नसतो. दोष वाक्याचा धरला जातो.

अर्थात, वाचलेच जात नाही ते वाक्य कितीही नेमके असून काय उपयोग? 'मोनोपॉली'त खेळाडूने जागा विकत घेतली नाही, तर बँकेने तिचा तत्काळ लिलाव करावा, असा नियम आहे. अनेक घरांत तो पाळला जात नाही. उलट दंडाचे पैसे 'फ्री पार्किंग'वर ठेवण्याची मूळ नियमांत नसलेली प्रथा सर्वत्र आढळते. बँकेत जायचा पैसा त्यामुळे पुन्हा खेळाडूंच्या हाती येतो, दिवाळे लांबते आणि डाव संपता संपत नाही.

या व्यवसायात काम आणि विरंगुळा यांच्यात भिंत घालणे कठीण असते. दर ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील एसेन येथे भरणाऱ्या खेळमेळ्याला २०२४ मध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. इतरांसाठी ती सहल असते. संपादकासाठी इतरांच्या पुस्तिका वाचण्याची संधी. सुटीच्या संध्याकाळी मित्रांकडे तो केवळ खेळायला बसतो. तरीही टेबलावर कोणी अडखळले, की त्याचे लक्ष पत्त्यांवरून उडून त्या वाक्यावर जाते.

मग कोणीतरी विचारते, 'असे चालते का?' पुस्तिका उघडली जाते, उत्तर मिळते आणि फासे पुन्हा पडू लागतात. बारीक अक्षरांत छापलेल्या श्रेयनामावलीत संपादकाचेही नाव असते. ते वाचण्याची गरज त्या वेळी कोणालाच पडत नाही.