चर्चच्या वह्या, डीएनएच्या जुळण्या आणि घराण्यातला पंडुरोग

डॉक्टरांकडे गेले की औषध लिहून देण्याआधी ते एक प्रश्न हमखास विचारतात, 'घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का?' आई-वडिलांपुरते उत्तर बहुतेकांना देता येते. आजी-आजोबांपाशी आपण अडखळतो. पणजीची किती मुले लहानपणी गेली आणि कशाने गेली, हे तर क्वचितच कोणी सांगू शकते. मात्र काही रोग असे आहेत, की ते चार-चार पिढ्या गप्प राहतात आणि पाचव्या पिढीत एखाद्या तान्ह्या मुलाच्या वाट्याला येतात. अशा रोगाचा माग काढायचा तर घराण्याच्या इतिहासात शिरावे लागते.

हा माग कसा काढतात, हे समजून घेण्यासाठी सिसिली बेटाचे उदाहरण फार उपयोगी आहे. इटलीचा नकाशा उंच बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टोकापुढे जे तिकोनी बेट आहे, तेच सिसिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२० च्या सुमारापर्यंत या बेटावरून लाखो माणसे पोटासाठी अमेरिकेत गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स अशा शहरांत राहतात आणि आपले मूळ गाव, मूळ घराणे शोधतात. पुष्कळांसाठी हा हौसेचा विषय आहे; पण तिथल्या रक्तातून चालत आलेल्या एका रोगामुळे तो आरोग्याचाही विषय ठरतो. त्या रोगाचे नाव थॅलेसेमिया.

समुद्राकाठचा पंडुरोग

१९२५ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात थॉमस कूली आणि पर्ल ली या डॉक्टरांनी काही मुलांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मुले पांढरीफटक, पाणथरी वाढलेली आणि चेहऱ्याच्या हाडांची ठेवण बदललेली अशी होती. पुढे दिसून आले, की असे रुग्ण मुख्यतः इटालियन आणि ग्रीक कुटुंबांत आढळतात. १९३२ मध्ये या रोगाला 'थॅलेसेमिया' हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत 'थालासा' म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचा रक्तदोष, असा त्याचा अर्थ.

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते आणि त्याचा एक भाग बनवण्याचे जनुक आपल्याला आईकडून एक व वडिलांकडून एक असे मिळते. दोहोंपैकी एक सदोष असेल तर ती व्यक्ती 'वाहक' होते. वाहकाला बहुधा काहीच त्रास होत नाही. फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी भरते. दोन्ही जनुके सदोष असतील तर मात्र 'थॅलेसेमिया मेजर' हा गंभीर रोग होतो. असे मूल जन्मताना ठणठणीत दिसते. पण साधारण सहा महिन्यांनंतर कोमेजू लागते. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर, रक्त द्यावे लागते. त्या रक्तातील लोह हृदयात आणि यकृतात साठते, म्हणून ते काढून टाकणारी औषधेही नेमाने घ्यावी लागतात.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. 'पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली,' असा हिशेब कोणी करू नये. प्रत्येक खेपेला शक्यता नव्याने तेवढीच असते.

सिसिलीत हा दोष एवढा का पसरला, याचे उत्तर हिवतापात आहे. जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये असे सुचवले, की थॅलेसेमियाचे वाहक हिवतापाला इतरांइतके सहज बळी पडत नसावेत. म्हणून डासांच्या प्रदेशात ते अधिक तगले आणि त्यांची संतती वाढली. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. पुढील संशोधनाने त्यांच्या विचाराला बळकटी दिली. १९७० मध्ये इटली हिवतापमुक्त जाहीर झाली. डास आटोक्यात आले, पण रक्तातील दोष राहिला. आजही सिसिलीत शंभरात सहा-सात माणसे वाहक असतात. जे बोटीत बसून अमेरिकेला गेले, त्यांच्यातील काहींबरोबर हा दोषही गेला, आणि तो त्यांच्या नातवंडांना ठाऊक असतोच असे नाही.

पाद्रीबाबांच्या वह्या

आता शोधाकडे वळू. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ मध्ये असे ठरवले, की प्रत्येक गावच्या धर्मगुरूने बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद वहीत ठेवावी. १६१४ पासून मृत्यूच्या नोंदींचाही नियम झाला. यामुळे सिसिलीतील कित्येक खेड्यांत साध्या शेतमजुराची वंशावळसुद्धा तीन-चारशे वर्षे मागे नेता येते. नोंदी बहुतेक लॅटिनमध्ये असतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, मुलाचे नाव, आई-बापांची नावे आणि धर्मपिता-धर्ममाता यांची नावे सापडतात. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सिसिलीत १८२० मध्ये सुरू झाली; तेव्हापासून दोन्ही प्रकारचे कागद ताडून पाहता येतात.

या कागदांची एक मोठी सोय अशी, की इटलीत लग्नानंतरही बाईचे माहेरचे आडनाव नोंदींत कायम राहते. त्यामुळे आईचे, आजीचे, पणजीचे घराणेही शोधता येते. आनुवंशिक रोगाच्या तपासात याचे महत्त्व फार आहे. कारण दोष आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही.

शोध नेहमी आपल्यापासून मागे न्यायचा असतो. आधी स्वतःचा जन्मदाखला, मग आई-वडिलांचा, मग आजोबांच्या बोटीची प्रवासी यादी. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड बंदरावर १८९२ पासून उतरलेल्या लाखो लोकांच्या अशा याद्या जपून ठेवलेल्या आहेत. गावाचे नाव कळले की त्या गावची सरकारी नोंद, आणि त्याही मागे जायचे असेल तर चर्चची वही. इटलीच्या सरकारी दफ्तरखान्यांनी बऱ्याचशा नोंदवह्यांची छायाचित्रे 'अंतेनाती', म्हणजे 'पूर्वज', या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. चर्चच्या वह्यांसाठी मात्र बहुधा तेथील धर्मगुरूंना किंवा बिशपच्या कार्यालयाला पत्र लिहावे लागते.

नावांच्या बाबतीत सावध राहावे लागते. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची तेथे रीत होती. त्यामुळे एकाच गावात एकाच नाव-आडनावाचे चार-पाच चुलतभाऊ सहज निघतात. त्यांतला आपला कोणता, हे आईच्या नावावरून ठरवावे लागते.

आणखी एक कागद डॉक्टरांच्या दृष्टीने मोलाचा आहे. जवळच्या नात्यात लग्न करायला चर्चची मनाई होती. करायचेच असेल तर खास परवानगी घ्यावी लागे आणि अर्जात नवरा-नवरीचे नाते स्पष्ट करावे लागे. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकाच पूर्वजाचा दोष असण्याचा संभव वाढतो, म्हणून हे अर्ज उपयोगी पडतात. इटलीचे प्रसिद्ध जनुकशास्त्रज्ञ लुईजी लुका कावाल्ली-स्फोर्झा यांनी १९५० च्या दशकात उत्तर इटलीतील पार्मा खोऱ्यात, आन्तोनिओ मोरोनी या धर्मगुरू-शास्त्रज्ञाच्या मदतीने, चर्चच्या वह्या आणि अशा परवानग्या जनुकशास्त्राच्या अभ्यासाला जोडल्या. पुढे हे काम साऱ्या इटलीत पसरले.

पण कागदालाही मर्यादा आहेत. जानेवारी १६९३ च्या भूकंपात आग्नेय सिसिलीतील गावेच्या गावे कोसळली आणि १९०८ च्या भूकंपात मेस्सिना शहर जमीनदोस्त झाले. तेव्हा माणसांबरोबर अनेक दफ्तरेही गेली. दुसरी मर्यादा टाकून दिलेल्या मुलांची. अनाथालयाच्या भिंतीत एक फिरते लाकडी पिंप बसवलेले असे. बाहेरून कोणी मूल ठेवून ते फिरवले की मूल आत जाई आणि ठेवणारा दिसत नसे. अशा मुलांना कित्येकदा 'त्रोवातो', म्हणजे 'सापडलेला', असे आडनाव मिळे. तेथे कागद संपतो.

डीएनए काय सांगतो?

कागद संपतो तेथे डीएनए मदतीला येतो. नळीत थुंकी भरून पाठवली की कंपनी तिच्यातील डीएनएची लाखो ठिकाणे तपासते आणि आपल्या संग्रहातील कोणाकोणाशी त्याचे लांबलचक तुकडे जुळतात याची यादी देते. तुकडा जितका मोठा तितके नाते जवळचे. आई-बाप आणि मूल यांच्यात निम्मा वाटा समान असतो. ज्यांचे आजी-आजोबा एक, अशा चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडांत सुमारे आठवा हिस्सा समान असतो. पणजोबा-पणजी एक असतील तर सुमारे बत्तिसावा. खापरपणजोबा एक असलेल्या दहा जोड्यांपैकी साधारण एका जोडीत तर एकही तुकडा जुळताना दिसत नाही. म्हणून 'जुळले नाही' याचा अर्थ 'नाते नाही' असा करू नये.

सिसिलीच्या बाबतीत उलट घोटाळाही होतो. डोंगरातल्या छोट्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत सोयरिकी झालेल्या असतात. तेव्हा दोन माणसे चार-पाच वाटांनी दूरची नातेवाईक असली तरी यादीत ती जवळची भासतात. डीएनए एवढेच सांगतो, की नाते आहे आणि ते सुमारे एवढे आहे. ते कोणत्या जोडप्यामार्फत आहे, हे वहीच सांगते. उलटपक्षी वहीत जो बाप म्हणून लिहिला तोच खरा बाप होता काय, हे डीएनएशिवाय कळत नाही. म्हणून जाणकार लोक दोन्ही शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढतात.

निदान मात्र रक्तावरूनच

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. डीएनएची यादी नातेवाईक दाखवते, रोग दाखवत नाही. कोणाशी एक तुकडा जुळला म्हणजे सदोष जनुकही जुळले असे नव्हे. अहवालात 'सिसिलीचा वाटा निम्मा' असे आले म्हणून कोणी वाहक ठरत नाही, आणि 'शून्य' आले म्हणून सुटतही नाही.

निदानासाठी साधी रक्ततपासणी पुरते. रक्ताच्या संपूर्ण गणनेत तांबड्या पेशी आकाराने लहान आढळल्या तर 'हिमोग्लोबिन ए-टू'चे प्रमाण पाहतात. ते साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर ती व्यक्ती बहुधा वाहक असते. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान होतात, आणि त्या कमतरतेमुळे ए-टूचे प्रमाणही खोटे कमी दिसू शकते. म्हणून अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्यावा. तपासणी न करता महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या गिळत राहणेही योग्य नव्हे.

मग वंशावळीचा उपयोग काय? वंशावळ सांगते, की कोणाला कळवायचे. एक माणूस वाहक निघाला, की त्याच्या आई-बापांपैकी किमान एक जण जवळजवळ नक्कीच वाहक असतो आणि प्रत्येक सख्ख्या भावंडाला निम्मी शक्यता असते. तेथून काका, आत्या, मामा, मावशी आणि त्यांची मुले असा तपास पसरत जातो. इटलीच्याच सार्डिनिया बेटावर १९७० च्या दशकापासून डॉ. आन्तोनिओ काओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकशिक्षण, वाहकांच्या नातेवाइकांची तपासणी, सल्ला आणि गर्भावस्थेतील निदान यांचा कार्यक्रम चालवला. तेथे पूर्वी २५० जन्मांमागे एक मूल थॅलेसेमिया मेजरचे असे. ते प्रमाण पुढे सुमारे ४,००० जन्मांमागे एक इतके खाली आले.

डीएनए चाचणी करणाऱ्याने दोन धोके ओळखून असावे. घरातले एखादे झाकलेले सत्य बाहेर येऊ शकते. शिवाय माहिती परक्यांच्या हाती जाऊ शकते. 'ट्वेंटी-थ्री अँड मी' या अमेरिकन कंपनीकडील सुमारे ६९ लाख लोकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपण काय करावे?

थॅलेसेमिया आपल्याकडेही आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा आदी समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असले तरी तो कोणत्याही समाजात आढळू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागात याच जातीचा सिकलसेल हा रक्तदोष आहे. ट्रेंटच्या नियमाने लिहिलेल्या चर्चच्या वह्या गोव्यात आणि वसईतही आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळी आहेत. मात्र आपल्या घरगुती वंशावळीत मुली आणि सुना बहुधा गाळलेल्या असतात. रोगाच्या शोधात हीच मोठी उणीव ठरते.

म्हणून घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून तीन पिढ्यांचा तक्ता करावा. त्यात बायकांची माहेरे लिहावीत. मामाच्या किंवा आतेच्या मुलीशी झालेली लग्ने नोंदवावीत. लहानपणी गेलेली मुले, वारंवार रक्त द्यावे लागलेली माणसे, ज्यांची पाणथरी वाढली होती अशी माणसे, यांच्या नावापुढे खूण करावी. असे काही आढळले तर तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जावे.

रक्ताची ही तपासणी शक्यतो लग्नाआधी, निदान मूल होण्याआधी करावी. एक जण वाहक निघाला म्हणून ठरलेले लग्न मोडण्याचे काहीच कारण नाही. वाहक हा रोगी नव्हे, आणि दुसरा जोडीदार निर्दोष असेल तर मुलाला थॅलेसेमिया मेजर होत नाही. मात्र दुसऱ्याच्या रक्तात सिकलसेलसारखा दोष नाही, याचीही खात्री करून घ्यावी. दोघेही वाहक असतील तर गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीलाच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि अहवाल आला की तो वंशावळीच्या तक्त्याबरोबर जपून ठेवावा. पुढच्या पिढीला तो लागणार आहे.