गाठ लागण्याच्या कितीतरी आधी

स्तनातील गाठ हाताला लागते, तेव्हा तिची सुरुवात होऊन बराच काळ लोटलेला असतो. मग पेशीतला पहिला बिघाड नेमका कधी होतो?

नवी मुंबईत खारघरला असलेल्या टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संशोधन केंद्राची मुळे परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आहेत. तिथे डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांमधील स्तनकर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेला संबंध अभ्यासला. पहिल्या बिघाडाचे उत्तरही पुढे उंदरांकडूनच मिळाले.

अमेरिकेत डॉ. सरस्वती सुकुमार, मारियानो बार्बासिद आणि सहकाऱ्यांनी मादी उंदरांना नायट्रोसोमिथाइल युरिया हे रसायन दिले. त्यांच्या स्तनातील गाठींमध्ये ‘एच-रास’ या जनुकातले एकच अक्षर बदललेले आढळले. हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. रास जनुक पेशीला वाढीचा इशारा देते. त्यात असा बदल झाला की दाराच्या घंटेचे बटण अडकावे, तसा हा इशारा थांबत नाही.

१९९० मध्ये याच संशोधकांनी पुढचा टप्पा दाखवला. जन्मतःच रसायन दिलेल्या उंदरांच्या निरोगी दिसणाऱ्या स्तनग्रंथींत दोन आठवड्यांतच हा बदल सापडला. गाठ यायला तेव्हा किमान दोन महिने होते. इस्ट्रोजेनमुळे ग्रंथी वाढू लागेपर्यंत बिघडलेले जनुक दडून राहू शकते, असे दिसले. १९९४ मध्ये दुसऱ्या गटाने तर असे मांडले, की काही पेशींत हा बदल रसायन देण्यापूर्वीच असतो. म्हणजे बदल झाला की लगेच कर्करोग झाला, असे नाही.

उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. स्त्रियांच्या स्तनकर्करोगात रासमधील बदल क्वचित आढळतात. ‘टीपी५३’ आणि ‘पीआयके३सीए’ या जनुकांतील बदल अधिक दिसतात. दडलेला बदल घरी ओळखताही येत नाही. गाठ मात्र लवकर ओळखता येते.

टाटा मेमोरियलने मुंबईतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केलेल्या गटात, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचे स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून गाठ दुखत नाही, हे थांबण्याचे कारण नव्हे. नवी गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा स्तनाग्रातून रक्तस्राव दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.