फुंकरीतला पुरावा

नंदुरबारची मिरची प्रसिद्ध, त्यामुळे त्याच जिल्ह्यातल्या लोणखेड्यात कुणाच्या पोटात जळजळ झाली की पहिला आळ तिच्यावरच. पण जठरातल्या बऱ्याच व्रणांमागे ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू असतो. हे पटवून द्यायला ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो चक्क पिऊन दाखवला. या शोधासाठी २००५ मध्ये त्यांना सहसंशोधक रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं.

हा जिवाणू पकडायला पोटात दुर्बीण घालावीच लागते असं नाही. उपाशीपोटी आधी पिशवीत फुंकायचं, मग कार्बन-१३ असलेला युरिया प्यायचा, अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायचं. जिवाणूचं युरिएज विकर युरिया फोडतं. तोच कार्बन रक्तातून फुप्फुसांत येतो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडतो. अचूकता साधारण ९५ टक्के.

घोळ होतो तो गोळ्यांमुळे. मेडिकलमधून आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलची पट्टी आपण चिठ्ठीशिवाय आणतो. तिने जिवाणू मरत नाही, नुसता दबतो आणि अहवाल खोटाच ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. म्हणून ती गोळी चाचणीआधी दोन आठवडे, अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं. अर्थात डॉक्टरांना विचारूनच. रक्ततपासणी मला या कामी लंगडीच वाटते: जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाच्या प्रतिपिंडांनीही ती ‘पॉझिटिव्ह’ येते. श्वासचाचणीची सोय जवळ नसेल, तर विष्ठेतल्या अँटिजेनची तपासणी चालते.