सातपुड्यावरची खाडी

नागपूरहून छिंदवाड्याला निघालेली गाडी रामाकोन्यापर्यंत तशी निवांत असते. कन्हानचं खोरं, शेतं, संत्र्याचे बगीचे. भीमालगोंदी मागे पडलं की ती घाटाला लागते आणि भंडारकुंडकडे चढू लागते. सौंसरचा भाग समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर, तर छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास. मधली चढण म्हणजे सातपुड्याची दक्षिण कड.

शाळेत सातपुडा ‘गट पर्वत’ म्हणून पाठ केलेला असतो. उत्तरेला नर्मदेची खचदरी, दक्षिणेला तापीची, मध्ये उभा ठोकळा. तोरणमाळ-अशीरगडाकडे हे चित्र ठीक बसतं. पण तापी उगम पावते मुलताईला. तिच्या पूर्वेला, रामाकोन्याच्या डोक्यावर, ती दुसरी दरी आणायची कुठून? इथलं पाणी कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे गोदावरीला जातं. मुलताईच्याच परिसरात उगवणारी वर्धासुद्धा तापीकडे पाठ फिरवून शेवटी गोदावरीच गाठते. पाठ्यपुस्तकातली एका ओळीची व्याख्या इथे अपुरी पडते.

खडकांचंही तेच. पायथ्याला संगमरवर, अभ्रकी शिस्ट आणि मँगनीजचे अतिप्राचीन थर. भूशास्त्रात त्यांना ‘सौंसर गट’ असंच नाव आहे. घाटमाथ्यावर मात्र काळा बेसाल्ट. लुईस ली फर्मर या भूशास्त्रज्ञाने आधी इथलं मँगनीज धुंडाळलं आणि मग सिरिल फॉक्सबरोबर छिंदवाड्याजवळच्या लिंगा गावाभोवतीचे लाव्हाप्रवाह एकेक करून वेगळे काढले. त्यांचा निबंध १९१६चा. प्रवाहाचा माथा जाळीदार, पोट घट्ट, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे गाळाचा पातळ थर. एकमेकींना चिकटलेल्या पोळ्या न फाडता सोडवाव्यात, तसं हे काम. (इंग्रजी प्रवासवर्णनांचे चाहते ज्याला मानतात तो पॅट्रिक ली फर्मर याच गृहस्थांचा मुलगा.)

खरी गंमत त्या गाळाच्या थरांत आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे तळी साचली, झाडं वाढली आणि पुढे सिलिकेत मुरून त्यांचा दगड झाला. छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां हे अशा जीवाश्मांचं जगप्रसिद्ध ठिकाण. त्यावर १९३७ साली बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी मिळून निबंध लिहिला. साहनींच्या नावाने लखनौत संस्था उभी आहे. रोडेंनी १९३३मध्येच इथल्या जीवाश्म फळांची टिपणं छापली होती, तरी त्यांचं नाव सहसा तळटिपेतच सापडतं. हा हिशेब बरोबर नाही.

कारण इथल्या फळांमध्ये निपा निघाली. निपा हा खाडीच्या चिखलात वाढणारा ताड, आज सुंदरबनात दिसणारा. तो सातपुड्यावर कसा? याच जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या थरांत समुद्रात तरंगणाऱ्या फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांची कवचं सापडल्याचं २००९ साली गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. काळ डायनोसॉर संपले त्या सुमाराचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यांच्या मते नर्मदा-तापीच्या खचातून समुद्राचा फाटा आत शिरला होता. लगेच ‘मध्य भारतात समुद्र’ असे मथळे देण्याची घाई मात्र नको. त्याच थरांत गोड्या पाण्याचे जीवही आहेत, म्हणजे उघडा समुद्र नव्हे, फार तर खाडीचं तोंड. आणि पाणी पश्चिमेकडूनच आलं असंही नाही. समुद्री जीवाश्म असलेले असेच थर गोदावरीच्या तोंडाकडे राजमहेंद्रीलाही आहेत, त्यामुळे फाटा तिकडून आला असावा, हाही तर्क मांडला गेला आहे.