शरीराची ओळख, लेखांक ९ : हार्वेचा गुणाकार

गेल्या आठवड्यात हृदयाचे चार कप्पे पाहिले. डावा निलय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतो, हा आकडा वहीत लिहून घेतला असेलच. त्याला मिनिटाच्या ७२ ठोक्यांनी गुणा. पाच लिटर झाले. तासाला तीनशे. आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं ते सगळं मिळून पाचेक लिटर! मग हे तीनशे लिटर येतं कुठून?

यकृत अन्नापासून सतत नवं रक्त तयार करतं आणि ते अंगात मुरून संपतं, अशी गेलेन या वैद्याची शिकवण. युरोपात ती चौदाशे वर्षं टिकली. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने तिच्याशी वाद घातला तो आकड्यांनी. एका ठोक्याचं रक्त त्याने मुद्दाम अगदी कमी धरलं, तरी अर्ध्या तासाची बेरीज अंगातल्या एकूण रक्ताहून जास्तच भरली. एवढं रक्त जेवणातून रोज बनणं शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. १६२८ मध्ये त्याने हे लॅटिन पुस्तकात मांडलं. मला विचाराल तर वैद्यकातला हा सर्वांत देखणा गुणाकार.

परतीचा पुरावा तुमच्याच हातावर आहे. कोपराच्या वर रुमाल बांधा, फार घट्ट नको. हातावरच्या शिरा फुगतील, मधेमधे गाठीसारखे उंचवटे दिसतील. तिथे झडपा असतात. एक बोट मनगटाकडच्या बाजूला शिरेवर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराच्या दिशेने उंचवट्यापलीकडे निपटा. मधली शीर रिकामी राहते; वरचं रक्त खाली येत नाही. खालचं बोट उचला, लगेच भरते. (मग रुमाल सोडा. मिनिटभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नका.)

या झडपांचं वर्णन हार्वेचे पादुआचे गुरू फाब्रिसियस यांनी आधीच केलं होतं. पण हातापायांत रक्त साचू नये म्हणून त्या त्याचा वेग कमी करतात, असं त्यांना वाटलं. खरं तर त्या विहिरीतल्या पंपाच्या फूटव्हॉल्वसारख्या आहेत: वर जाऊ देतात, खाली परतू देत नाहीत. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि रक्त वर चढतं. या झडपा सैल पडल्या की पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा फुगतात. तासन्‌तास उभं राहून काम करणाऱ्यांना हा त्रास जास्त.

एक दुवा मात्र हार्वेला सापडला नाही. धमनीतलं रक्त शिरेत शिरतं कसं? ते १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगीला बेडकाच्या फुप्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं: केसाहून बारीक केशवाहिन्या. पुढच्या आठवड्यात आपण त्यांतच शिरू. तोवर नाडी मोजून ठेवा, एकदा स्वस्थ बसून आणि एकदा जिना चढून आल्याबरोबर.