विश्लेषण : विद्यापीठात रॅम्प आहे, पण तो सापडणार कसा?

सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात. मात्र प्रवेशानंतर परीक्षेची खोली, लिफ्ट किंवा स्वच्छतागृह स्वतःहून शोधता आले नाही, तर प्रत्येक वेळी कुणाची तरी वाट पाहावी लागते. यात दिशादर्शक फलकांची भूमिका मोठी आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम १६ मध्ये शिक्षणसंस्थांच्या इमारती व परिसर सुगम करण्याची तरतूद आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ ने नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सुगमतेचे निकष केवळ शिफारशीपुरते ठेवणे कायद्याशी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्राला सांगितले.

फलक कुठे हवा?

जिथे वाट निवडावी लागते, तिथे. रॅम्प इमारतीच्या मागे असेल आणि फलक पायऱ्यांपाशी असेल, तर व्हीलचेअरवरील विद्यार्थ्याला आल्या वाटेने परतावे लागते. म्हणून बाण मुख्य फाटकापासूनच हवेत.

कोणाला काय उपयोगी?

अंधांसाठी ब्रेल आणि उठावदार अक्षरे, तीही हात पोहोचेल अशा उंचीवर. दाराचा फलक कडीच्या बाजूच्या भिंतीवर असावा. दारावरच लावला तर वाचताना दार उघडून धक्का बसू शकतो. अल्पदृष्टी असलेल्यांना मोठी अक्षरे, ठळक रंगभेद आणि न चमकणारा पृष्ठभाग लागतो. कर्णबधिरांसाठी ध्वनिक्षेपकावरील सूचना लेखी दिसायला हव्यात. जमिनीवरील फरशांचीही भाषा असते : लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा.

फलक लावले की काम संपते?

नाही. फरशांवर दुचाकी उभ्या राहतात, फलकांवर भित्तिपत्रके चिकटतात, बंद लिफ्टकडे बाण तसाच राहतो. त्यामुळे दर सत्राच्या सुरुवातीला दिव्यांग विद्यार्थ्यांसह परिसराची पाहणी करणे, लिफ्ट बंद असल्यास पर्यायी वाट प्रवेशद्वारापाशीच लिहिणे आणि परीक्षेच्या प्रवेशपत्रासोबत सुगम मार्गाचा नकाशा देणे, एवढ्यापासून सुरुवात करता येते.