प्रकाशाची लेखणी, प्रकाशाचा कारकून

छापखान्यातील खिळ्याला वजन असे. तो उलटा असला तरी जुळाऱ्याच्या बोटांना ओळखू येई, आणि चुकला तर चिमट्याने उपसून बदलता येई. गेल्या शतकाच्या मध्यास अक्षराने हे वजन टाकले, आणि त्याच सुमारास दुकानांतील मालाची नावनिशी यंत्राला वाचता येईल अशा रेषांत उतरविण्याची खटपट सुरू झाली. हे दोन शोध वरवर परके दिसले, तरी अक्षराला अथवा आकड्याला आधी संकेताचे रूप द्यावयाचे आणि मग लिहिण्यावाचण्याचे काम प्रकाशाकडे सोपवावयाचे, ही दोहोंतील तजवीज एकच होय.

संकेताचा शिरस्ता मात्र शिशाच्याच अमदानीतला. अमेरिकेच्या निवृत्तिवेतन दफ्तरातील कारकून टॉल्बर्ट लॅन्स्टन याच्या मोनोटाइपमध्ये कागदी फितीवरील छिद्रे अक्षराचा हुकूम पोहोचवीत, आणि दाबलेल्या हवेने ती वाचून दुसरे यंत्र एकेक खिळा ओतीत असे. पुढे १९४४ च्या सुमारास फ्रान्समधील रने इगोने या अभियंत्याने पाहिले, की शिशात जुळविलेल्या मजकुराचा एकच ठसा घेतात, त्याचा फोटो काढून ऑफसेटचा पत्रा करतात, आणि एवढ्यासाठी ते सारे शिसे वितळवितात. हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी त्याने लुई म्वारू याच्या सहकार्याने जे यंत्र घडविले, त्यात अक्षरांची तबकडी अखंड फिरत राही आणि हवे ते अक्षर भिंगासमोर येताच सेकंदाच्या काही दशलक्षांश एवढाच काळ दिवा लखलखून ते फिल्मवर उमटे. १९५३ मध्ये या रीतीने जुळविलेला, कीटकांच्या अद्भुत विश्वावरील इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

रेषांची कथा समुद्रकिनाऱ्यावरची आहे. मायामीच्या वाळूत बोटे ओढताना नॉर्मन वुडलँड यास सुचले, की मोर्सच्या तारेतील टिंबे आणि रेघा खाली लांबविल्या तर जाड-बारीक पट्ट्यांची लिपी होते. वुडलँड आणि त्याचा सहकारी बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ मध्ये पेटंट मिळाले. परंतु ही लिपी स्वस्तात वाचणारा लेझर अद्याप जन्माला यावयाचा होता, त्यामुळे ओहायोतील ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंग गमचे पाकीट रीतसर रुजू होण्यास २६ जून १९७४ उजाडावा लागला.

त्या पाकिटावरील, जॉर्ज लॉरर याने सिद्ध केलेल्या बारा अंकी संकेतात शेवटचा अंक मालाचा नसून पहारेकऱ्याचा असतो. विषम स्थानांवरील अंकांच्या बेरजेची तिप्पट आणि सम स्थानांवरील बेरीज मिळून दहाची पट व्हावी, असा त्याचा हिशेब. कोणताही एक अंक बदलला की ताळा चुकतो. परंतु शेजारच्या २ आणि ७ यांची अदलाबदल झाली, तर पहारेकरी बेलाशक फसतो, कारण बेरजेत नेमका दहाचाच फरक पडतो.

संकेताचा खरा उपकार देवनागरीवर झाला. जोडाक्षरे, मात्रा आणि रफार यांपायी जिला खिळ्यांचे शेकडो खण लागत, तिला १९९१ च्या भारतीय मानकाने मोजक्या संकेतांत बसविले आणि जोडाक्षर घडविण्याचे काम यंत्रावर सोडले. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट तंत्र याच वाटेने गेले. मात्र पहिल्या वेलांटीला जसा संकेत आहे, तसाच दुसरीलाही आहे. दिवाळीचा ‘शुभ दिन’ चुकून ‘शुभ दीन’ झाला, तरी दोन्ही संकेत यंत्राच्या दृष्टीने निर्दोषच. तेथे कोणताही ताळा चुकत नाही. म्हणून शिसे गेले, तबकडीही गेली, तरी लाल पेन्सिल घेऊन बसलेल्या मुद्रितशोधकाची जागा अद्याप रिकामी झालेली नाही.